एकट्याने वाजवायचा वाद्यसंच: वाद्ये आणि त्यांची जोडणी

एकाच माणसाने एकाच वेळी गिटार, माऊथ ऑर्गन, ड्रम आणि झांजा वाजवायच्या, तर त्याने कोणती वाद्ये घ्यावीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वाद्यांच्या नादावरून दिले जाते. मला हा निकष अपुरा वाटतो. अशा संचातल्या वाद्याची परीक्षा ते वाजत असताना वादकाचे बाकीचे अवयव आणि त्याचे लक्ष किती मोकळे राहते यावर व्हायला हवी, आणि हे मोकळेपण वाद्यापेक्षा त्याला धरून ठेवणाऱ्या होल्डरवर, पेडलवर आणि पट्ट्यांवर जास्त अवलंबून असते. पुढचे परीक्षण याच निकषावर केले आहे.

सर्वांत आधी माऊथ ऑर्गनचा गळ्यातला होल्डर, कारण संचातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच असते. दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असताना ओठांचा प्रत्येक दाब थेट होल्डरच्या सांध्यांवर येतो. सांधा ढिला असेल तर वाद्य हळूहळू खाली झुकते, वादक त्याच्यामागे मान पुढे काढत जातो आणि थोड्याच वेळात त्याचा श्वास आखूड होऊ लागतो. नुसत्या स्प्रिंगच्या पकडीवर विसंबलेले पातळ तारेचे होल्डर म्हणूनच मला पसंत नाहीत. चांगल्या होल्डरचा छातीवर टेकणारा भाग रुंद असतो, सांध्यांना दातेरी वॉशर आणि हाताने आवळता येणारे नट असतात, आणि मान ताठ व नजर समोर असताना वाद्य ओठांसमोर येईल इतकी उंची त्याच्यावर साधता येते. होल्डरचा धातू गिटारच्या कडेवर आपटून खडखडतो का, हे मात्र गिटार गळ्यात अडकवूनच तपासावे. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या पाहिल्या तर हा दोष कधीच लक्षात येत नाही.

या होल्डरमध्ये १० छिद्रांचा डायटोनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या स्वरांना लावलेला, माऊथ ऑर्गनच बसवावा, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या २० पत्त्या (श्वासाने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ जिभा) अशा लावलेल्या असतात, की सी पट्टीच्या वाद्यात कोणत्याही शेजारच्या छिद्रांत एकदम फुंकले तरी सी मेजर कॉर्डचेच (एकदम वाजवायच्या जुळत्या स्वरांच्या गटाचेच) स्वर मिळतात, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या छिद्रातून श्वास आत ओढला की जी मेजर कॉर्ड मिळते. लक्ष चार ठिकाणी विभागलेल्या वादकाला ही रचना फार सांभाळून घेते, कारण ओठ थोडे सरकले तरी सूर सहसा कॉर्डच्या बाहेर जात नाही. खालच्या सप्तकात एफ आणि ए हे स्वर नसतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या छिद्रातला ओढीचा स्वर तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून खाली वाकवला की तेही काढता येतात, आणि त्यासाठी हात लागत नाही. याउलट सगळे बारा स्वर देणाऱ्या क्रोमॅटिक माऊथ ऑर्गनची बाजूची कळ बोटाने दाबावी लागते, त्यामुळे कितीही उत्तम असला तरी तो होल्डरवर निरुपयोगी ठरतो. ट्रेमोलो प्रकारात प्रत्येक स्वराला दोन पत्त्या असतात आणि वाद्य लांब असते, म्हणून मान सतत वळवत राहावी लागते. होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून बनतो आहे आणि त्याच्या लाकडी गाभ्याचा ऊबदार सूर मलाही प्रिय आहे. मात्र लाकूड ओलाव्याने फुगते, आणि होल्डरवरचे वाद्य गाण्याच्या मध्येच काढून झटकता येत नाही, म्हणून या कामासाठी मी प्लास्टिकचा गाभा सुचवेन. हाताची ओंजळ करून सूर झाकण्या-उघडण्याची खुमारी येथे गमवावी लागते, आणि ती भरून काढायला जिभेशिवाय आणि श्वासाशिवाय दुसरे साधन उरत नाही.

त्याच होल्डरवर काझू हे तोंडाने वाजवायचे छोटे वाद्य जोडता येते. त्यात फुंकायचे नसते, गुणगुणायचे असते. आवाजाने आतला पातळ पडदा थरथरतो. गाता येणाऱ्याला तो वेगळा शिकावा लागत नाही, आणि पडदा बदलता येणारा घेतला म्हणजे झाले.

अवयव मोकळा ठेवण्यासाठी वाद्य कसे घडवावे याचा माझ्या माहितीतला सर्वोत्तम नमुना गिटारपेक्षा खूप जुना आहे. युरोपात तेराव्या शतकापासून वादक एका हाताने तीन छिद्रांची बासरी आणि दुसऱ्या हाताने टेबर नावाचा छोटा ढोल वाजवीत आले. तीनच छिद्रे पुरतात, कारण ही बासरी मूळ स्वरावर न वाजवता जोरकस फुंकरीने निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवर वाजवतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या उपस्वरांमधले पंचमाचे अंतर भरायला तीन बोटे पुरेशी होतात. आजच्या कोणत्याही जोडणीत दोन हातांची इतकी निर्दोष वाटणी मला आढळलेली नाही. बास्क प्रदेशातले चिस्तू आणि प्रोव्हान्समधले गालुबे ही याच कुळातली वाद्ये आजही वाजतात, आणि ज्याला गिटार येत नाही त्याने या वाटेचा अवश्य विचार करावा.

गिटारविषयी थोडक्यात सांगतो. पायाशी बेस ड्रम (पेडलने वाजवायचा खर्जाचा मोठा ढोल) असेल तर मोठ्या पोटाच्या गिटारचे खर्जातले स्वर त्याच्या ठोक्यात मिसळून गढूळ होतात, शिवाय तिची वरची कड होल्डरला ढकलते. लहान पोटाची गिटार घ्यावी, आणि बसून वाजवतानाही तिला पट्टा लावावा, म्हणजे तिला सांभाळण्यात डावा हात अडकत नाही.

पायाच्या वाद्यांत बेस ड्रम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि निवड चुकण्याची शक्यताही येथेच सर्वांत जास्त असते. पूर्ण ड्रमसेटमधला २२ इंची ड्रम एका गिटारला आणि एका गळ्याला पार झाकून टाकतो. १६ ते १८ इंचांचा ड्रम, आत थोडे कापड ठेवून, पुरेसा घुमतो आणि लगेच गप्पही होतो. पेडलची स्प्रिंग ढिली आणि ठोकणी नमद्याची असावी, कारण येथे वेगापेक्षा तासभर न थकता ठेका धरणे मोलाचे असते. विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या पेडलमागचा हेतू पायाला चपळ करण्याचा होता, आणि आजची बहुतेक पेडलेही त्याच हेतूने बनतात. एकट्या वादकाने ती सैल करून घ्यावीत. गुळगुळीत जमिनीवर ड्रम प्रत्येक ठोक्यागणिक पुढे सरकतो, म्हणून एकाच सतरंजीवर ड्रम आणि खुर्ची दोन्ही ठेवावीत, म्हणजे वादकाच्याच वजनाने ड्रम जागच्या जागी राहतो.

पाठीवर ड्रम, त्यावर झांजा आणि टाचेला बांधलेली दोरी हे या कलेचे सर्वांत ओळखीचे रूप आहे, आणि प्रेक्षक त्याकडे ओढले जातात हेही खरे. तरीही मी ते सुचवणार नाही. पट्टे खांदे आवळतात, छाती पूर्ण फुलत नाही, आणि माऊथ ऑर्गन तर सगळा श्वासावर उभा असतो. चालत वाजवायचे असेल तेव्हाच ही जोडणी समर्थनीय आहे.

दुसऱ्या पायासाठी हाय-हॅट (पेडलने एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा) की बुटाला बांधायची खंजिरी, असा पर्याय असतो. १९२० च्या दशकात रूढ झालेल्या हाय-हॅटचा बंद होतानाचा कोरडा, नेमका आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फार शोभतो, पण नेहमीच्या १४ इंचांपेक्षा लहान झांजा घेतलेल्या बऱ्या. पायाची खंजिरी वाहून न्यायला सोपी आहे. तिचा दोष असा, की पाय खाली येताना तर ती वाजतेच, पण वर उचलतानाही किणकिणते आणि संथ गाण्यात तो नको असलेला आवाज ठळक ऐकू येतो. पट्टा घट्ट बांधून टाच टेकलेली ठेवली, तर हा दोष बराच आटोक्यात येतो.

पायांनी ठेक्याबरोबर सूरही वाजवता येतात, हे जेसी फुलर (१८९६–१९७६) या अमेरिकन वादकाने दाखवून दिले. त्याने स्वतः बनवलेल्या फोटडेला या वाद्यात खर्जाच्या सहा तारा होत्या आणि पायाने पेडल दाबताच हातोडी तारेवर पडत असे. वर बारा तारांची गिटार, होल्डरवर माऊथ ऑर्गन आणि काझू, आणि दुसऱ्या पायाशी हाय-हॅट. आज त्या जागी १३ कळांची विजेवर चालणारी बेस पेडले मिळतात. नादाच्या दृष्टीने संपूर्ण संचात याहून समृद्ध भर दुसरी नाही, परंतु माझ्या निकषावर ती अवघड ठरते: ड्रमच्या पायाला फक्त मात्रा कळावी लागते, येथे पायाला प्रत्येक कॉर्ड आधीच ठाऊक असावी लागते. बाकीचा संच न पाहता वाजू लागल्यावरच याकडे वळावे.

वाजवलेला तुकडा ध्वनिमुद्रित करून पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या लूप पेडलला मी विरोध करीत नाही, पण ते वेगळे काम आहे. एकदा ध्वनिमुद्रित झालेले आवर्तन गायकासाठी थांबत नाही, ओळ लांबली म्हणून लय सैल करीत नाही, आणि एकट्याने वाजवण्यातले हेच तर मोठे स्वातंत्र्य असते. शिवाय आवर्तन नेमके समेवर बंद करण्यासाठी पायाला ड्रमचे पेडल सोडून तिकडे जावे लागते. घ्यायचेच असेल तर थांबवण्यासाठी स्वतंत्र कळ असलेले घ्यावे. एकच कळ असलेल्या पेडलात थांबवण्यासाठी ती सहसा लागोपाठ दोनदा दाबावी लागते आणि त्या गडबडीत गाण्याची शेवटची सम निसटते.