लाकडांची नावं स्वीडिशमध्ये करून घेतली, अडीच स्टार

अडीचमधला अर्धा काउंटरवरच्या ताईंचा आहे, आधीच सांगतो.

आमचं बडोद्यात लाकडी डबे, ट्रे, पाट असं छोटं काम. भाचीच्या ओळखीने स्वीडनच्या एका दुकानाने माल मागवला आणि म्हणाले लेबल आमच्या भाषेत पाहिजे. बारा लाकडं होती. मी नावांची इंग्लिश यादी घेऊन दांडिया बाजारकडच्या एका भाषांतरवाल्यांकडे गेलो (नाव नाही लिहीत). चार दिवस म्हणाले होते, तिसऱ्याच दिवशी फाइल आली, टायपिंग एकदम स्वच्छ, अक्षरांवरचे ते टिंब-गोल सगळे जागेवर. मी खुश.

फाइल भाचीला पाठवली तर ती फोनवर हसायलाच लागली. ऐनाला, म्हणजे आमचे सुतार ज्याला सादड म्हणतात त्याला, इंग्लिशमध्ये इंडियन लॉरेल म्हणतात, त्याचं यांनी केलं 'इंडिस्क लागेर'. आता लागेर म्हणजे सूपमध्ये पान टाकतात ते झाड, आणि लागेर म्हणजे गोडाउनमधला स्टॉकपण! डब्यावर छापणार काय तर भारतीय स्टॉक. शिरीषाला ईस्ट इंडियन वॉलनट म्हणतात म्हणून सरळ अक्रोड करून टाकला, उद्या कोणी ट्रे हातात घेऊन नट ॲलर्जीचं विचारलं म्हणजे? शिवणीला व्हाइट टीक म्हणतात, तर तो झाला पांढरा साग.

खरा घोळ शिसवीचा. रोजवूड, म्हणून 'रूसेनत्रे'. शब्द डिक्शनरीत आहे हो, पण तिकडे ते ब्राझीलचं गुलाबी पट्ट्यांचं वेगळंच लाकूड, आपल्या शिसवीला पालिसांडर म्हणतात, जुन्या फर्निचरवाले याकारांडा. आणि शिसव ज्यात येते ती डाल्बर्जिया ही अख्खी जात 2017 पासून सायटिसच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, कागदावर एक नाव आणि लेबलवर भलतंच, असं मला तरी नको होतं.

परत गेलो तर साहेब म्हणाले, काका, तुम्ही दिलं तेच केलं. चूक माझीपण, कबूल. पण कुठलं झाड, एवढं एकदा विचारायचं ना! ताईंनीच शेवटी कागद ओढून घेतला, म्हणाल्या लॅटिन नावं आणा. गंमत बघा, सागाचं लॅटिन नाव आणि शिसवीच्या नावातलं पहिलं, डाल्बर्जिया, दोन्ही लिनियसच्या (झाडांना लॅटिन नावं द्यायची पद्धत बसवणारा) मुलाने ठेवलेली, तो स्वीडनचाच, आणि डाल्बर्जिया हे नाव पण दोन स्वीडिश भावांवरून. म्हणजे त्यांचाच शब्द आम्ही त्यांना परत पाठवतोय.

दुसरी फाइल बरोबर आली. शिवणीपुढे नुसतं लॅटिन नाव गमेलिना लिहिलंय, तेच बरं. दुरुस्तीचे मात्र वेगळे पैसे लावले, तिथे एक स्टार उडाला.

बारातलं एकच नाव पहिल्यापासून बरोबर होतं, सागाचं. स्वीडिशमध्येपण टीकच.