‘तुमचा ट्रक आरामात उचलेल’ : कॅम्पर विकतानाची फसवणूक आणि जबाबदारी कोणाची

‘एक टनी ट्रक आहे ना तुमचा? मग बिनधास्त घ्या.’ अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला डबा, घ्यायला गेलात की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आपली मराठी कुटुंबं आता योसेमिटी-यलोस्टोनसाठी असे कॅम्पर घेऊ लागली आहेत, आणि या सौद्यात कसं गंडवलं जातं ते त्यांना ठाऊक नसतं. साचा ठरलेला आहे. धडधडीत खोटं कोणी बोलत नाही, फक्त दुसऱ्याच ट्रकचा आकडा तुमच्या ट्रकला चिकटवला जातो.

अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही नावं जुन्या काळातली. ट्रक आज किती वजन पेलतो हे त्यांवरून कळत नाही. सेल्समन ट्रकचं माहितीपत्रक उघडून दाखवतो, त्यात ‘कमाल पेलोड ४,००० पौंड’ वगैरे छापलेलं असतं. पेलोड म्हणजे ट्रकवर लादता येणारं माणसं-सामानाचं वजन. तो आकडा बहुधा दोन दारांच्या, पेट्रोल इंजिनच्या, साध्या ट्रकचा असतो. तुमचा असतो चार दारांचा, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीटवाला. एकूण वजनाची मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ठरलेली. डिझेल इंजिनच शेकडो पौंडांनी जड, त्यामुळे जी चैन ट्रकमध्ये आली ती पेलोडमधून वजा झाली.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दिसतो. तिथल्या टायरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हा आकडा तुमच्याच ट्रकचा, टाकी पूर्ण भरलेली धरून काढलेला. ‘माणसं’मध्ये ड्रायव्हरही आला, हे भले भले विसरतात. १०,००० पौंडांवरच्या जीव्हीडब्ल्यूआरला हे स्टिकर सक्तीचं नाही. तिथे ट्रक काट्यावर चढवून आलेलं वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करावं लागतं. नव्या ट्रकला विक्रीआधी डीलरने १०० पौंडांहून जास्त सामान जोडलं असेल, तर स्टिकरवरचा आकडा दुरुस्त करणं त्याला बंधनकारक आहे. जुन्या ट्रकचं तसं नाही. आधीच्या मालकाने लोखंडी बंपर लावला असेल तर तो तुम्हीच वजा करायचा.

आता कॅम्परची बाजू. जाहिरातीत असतं ‘ड्राय वेट’, म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी नसलेला आणि बहुतेकदा जादा सोयीही न धरलेला रिकामा डबा. कॅम्परवर मात्र फेडरल नियमानुसार कायमची पट्टी लावलेली असते. स्टँडर्ड सामान, अमुक गॅलन पाणी आणि अमुक पौंड गॅस धरून जास्तीत जास्त वजन किती, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रक बाजूला ठेवा, पट्टी वाचा.

नमुन्यादाखल एक सौदा घेऊ. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००, दारावरचा पेलोड २,४८०. कॅम्परचं ड्राय वेट २,२१०. सेल्समन म्हणतो, ‘२७० पौंड शिल्लक राहतात की!’ आता खरी बेरीज करा. एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छत) आणि इतर जादा सोयी २४०. दोन बॅटऱ्या १२०. वीस पौंडी गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७४. पाणी ४० गॅलन, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ३३४. गीझरमधलं सहा गॅलन पाणी ५०. कॅम्पर बांधायचे टाय-डाउन आणि मागच्या स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे ११०. आईवडील आणि दोन मुलं ४६०. कपडे, भांडी, कुकर, फ्रीजमधलं सामान, खुर्च्या ३५०. एकूण ३,९४८. म्हणजे २७० शिल्लक राहायचे सोडाच, १,४६८ पौंड जास्त झाले. ‘पाणी रिकामं ठेवून फिरा’ हे पुढचं ठरलेलं उत्तर, आणि ३३४ वाचवूनही तुम्ही हजाराहून वर आहातच.

यातलं बहुतेक वजन बसतं मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर. या ट्रकच्या मागच्या एक्सलची मर्यादा ६,२०० पौंड आणि टायर १२१ लोड इंडेक्सचे (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा क्रमांक) धरू. असा एक टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असताना ३,१९५ पौंड पेलतो, जोडी ६,३९०. भरलेल्या कॅम्परने मागे सहज ६,५०० च्या घरात आकडा जातो. एक्सलही गेला, टायरही गेले. त्यात हवा ६५ वर असली तर टायरची क्षमता आणखी घटते, बाजूची भिंत तापते, आणि उन्हाळ्यात हायवेवर टायर फुटतो. कॅलिफोर्नियातल्या आय-५ हायवेवरच्या ग्रेपव्हाइन घाटासारख्या लांबलचक उतारावर ब्रेक तापून ढिले पडतात. वजन उंचावर असल्याने आडव्या वाऱ्यात ट्रक डुलतो. टाय-डाउनचे बोल्ट हौद्याचा पत्रा ओढून फाडतात.

मग डीलर फुगे खपवतो. ‘एअरबॅग लावा, मागचा भाग वर येईल.’ येतो. ट्रक सरळ दिसतो, हेडलाइट आभाळाकडे बघायचे थांबतात. पण एक्सल, रिम, टायर, ब्रेक यांची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही, आणि दारावरचं स्टिकरही बदलत नाही. फुगे वाईट नाहीत, पण ते औषध म्हणून विकले जातात तिथे घोळ आहे.

गुरुत्वमध्यही पाहा. ट्रकच्या कॅम्परविषयक माहितीत हौद्यातला एक पट्टा दाखवलेला असतो आणि कॅम्परचा गुरुत्वमध्य त्याच्या आत पडावा लागतो. तो मागच्या एक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. काही ट्रकांना कंपनी स्लाइड-इन, म्हणजे हौद्यात सरकवायचा, कॅम्पर लावूच नका म्हणते. तेही ट्रकच्या त्याच माहितीत असतं.

मग जबाबदार कोण? ट्रकच्या कंपनीने आकडा छापला, कॅम्परवाल्याने पट्टी लावली, दोघं मोकळे. तुमच्या ट्रकला न झेपणारा कॅम्पर विकायला डीलरला थेट मनाई करणारा फेडरल नियम नाही. वजनकाट्यावर व्यापारी ट्रक थांबवले जातात, खासगी कॅम्परला सहसा कोणी विचारत नाही. पण अपघात झाला की प्रश्न ड्रायव्हरला येतो, आणि आकडा तर त्याच्याच दारावर छापलेला असतो. जादा वजनाने एक्सल गेला तर वॉरंटीही हात वर करते.

डीलर मात्र पूर्ण सुटत नाही. लुइझियाना सोडून सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या यूसीसीच्या (युनिफॉर्म कमर्शियल कोड, खरेदी-विक्रीची कायदासंहिता) कलम २-३१५ प्रमाणे, विक्रेत्याला तुमचा हेतू माहीत असेल आणि तुम्ही त्याच्या जाणतेपणावर विसंबून वस्तू घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असण्याची हमी आपोआप मिळते. ही हमी टाळायलाच करारात ‘आहे तसं’ हे शब्द ठळक छापलेले असतात. ‘तोंडी सांगितलेलं काही धरू नये’ असं कलम असतं. कधी ‘वजनाची खात्री मी स्वतः केली आहे’ असा वेगळा कागद पुढे सरकतो. ज्यावर घाईत सही करून घेतात तो बहुधा हाच. पण १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयक कायद्यात तुमच्या बाजूची एक फट आहे. डीलरने स्वतःची लेखी वॉरंटी दिली, किंवा विक्रीपासून ९० दिवसांत स्वतःचा सर्व्हिस करार विकला, तर त्याला अशी हमी नाकारता येत नाही. तीन दिवसांत सौदा मोडता येतो, ही समजूत मात्र सोडा. एफटीसीचा (फेडरल ट्रेड कमिशन, व्यापारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) तो नियम डीलरच्या शोरूममधल्या खरेदीला लागू नाही.

सहीआधी ट्रकचा मॉडेल, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि स्टिकरवरचा पेलोड ईमेलने डीलरला पाठवा आणि सरळ विचारा, ‘हा कॅम्पर पाणी-गॅस भरून, चार माणसांसह या ट्रकला चालेल का?’ उत्तर लेखी हवं. ते फोनवर आलं तर तुम्ही परत ईमेल करा, ‘आपण आत्ता असं म्हणालात.’ टाकी भरून, घरच्यांना बसवून ट्रक ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर न्या, पुढची चाकं पहिल्या फलाटावर, मागची दुसऱ्यावर. पावतीवर दोन्ही एक्सलचे आकडे वेगळे येतात. अनामत रकमेच्या पावतीवर लिहून घ्या, ‘भरलेल्या कॅम्परसह मागचा एक्सल किंवा एकूण वजन मर्यादेबाहेर गेलं तर पूर्ण रक्कम परत.’ मग कॅम्पर चढवून पुन्हा काट्यावर. डीलर याला नाही म्हणाला तर चेकबुक खिशातच राहू द्या.

सौदा होऊन गेला असेल तर सगळ्यात आधी कॅम्पर भरलेला असतानाच काट्याची पावती घ्या. दारावरच्या स्टिकरचा, कॅम्परच्या पट्टीचा आणि टायरच्या भिंतीवरच्या आकड्यांचा फोटो काढा. डीलरला लेखी तक्रार, मग राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे. रक्कम लहान असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, कॅलिफोर्नियात व्यक्तीला तिथे १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. त्याहून मोठी रक्कम असेल तर ग्राहक कायद्याचा वकील गाठा, आणि तोवर डीलरने पाठवलेल्या कुठल्याही ‘तडजोड पत्रा’वर सही करू नका.