बीपीसाठी संथ श्वसन: मोजून, नाक धरून, यंत्राने की जोर लावून?

बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणाले "जोडीला श्वसनाचे व्यायाम करा", पण नेमके कोणते ते विचारायचं राहून गेलं. अशा माणसापुढे साधारण चार वाटा असतात. यातली एकही वाट गोळीची जागा घेत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. गोळी चालूच ठेवायची, तिच्या जोडीला काय धरायचं एवढंच ठरवायचं आहे.

मला सगळ्यात पटलेली वाट म्हणजे नुसतं मोजून श्वास घेणं. एरवी आपले श्वास मिनिटाला १२ ते २० पडतात, ते सहावर आणायचे. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. हात पोटावर ठेवला की कळतं: श्वास घेताना पोट वर यायला हवं, खांदे जागचे हलता कामा नयेत. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या नसा असतात. दाब चढला की त्या मेंदूला कळवतात आणि हृदयाची गती उतरते. उच्च रक्तदाबात ही यंत्रणा मंदावते, सहाच्या लयीत ती पुन्हा तरतरीत होते. २००५ सालच्या एका अभ्यासात या लयीने सरासरी दाब सुमारे १५०/८३ वरून १४१/७८ वर आला. मात्र रुग्ण वीसच होते आणि हा आकडा संथ श्वास चालू असतानाचा होता. तेवढी घट दिवसभर टिकेल, असं त्यावरून धरून चालू नका.

दुसरी वाट अनुलोम-विलोमची, तोही याच जातीचा. नाकपुड्या आलटून पालटून बंद करताना लक्ष भरकटत नाही, हा त्याचा फायदा. पण बरेच जण तो घाईने करतात, मग संथपणाच जातो. बीपी असलेल्यांनी श्वास रोखून धरायचा नाही. कपालभाती आणि भस्त्रिका तर बाजूलाच ठेवायच्या, त्यात श्वास वेगाने आणि जोराने चालतो. नाक चोंदत असेल किंवा आकडे मोजायचा कंटाळा येत असेल तर भ्रामरी करा. गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. जपाची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट मला फार आवडते: २००१ सालच्या एका अभ्यासात मंत्र म्हणताना आणि जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता.

तिसरी वाट यंत्राची. छातीला पट्टा, कानात सूर, आणि सूर लांबत जातील तसा श्वास लांबवायचा. ज्यांना स्वतःहून लय सापडत नाही त्यांना याचा आधार वाटतो. पण उत्पादकांचा सहभाग असलेले अभ्यास वगळले की परिणाम फारसा उरत नाही, असं एकत्रित विश्लेषणात दिसलं. त्यावर पैसे घालण्याआधी महिनाभर फुकटची वाट चालून पाहा, असंच मी म्हणेन.

चौथी वाट संथ नाही, उलट कष्टाची आहे: विरोध करणाऱ्या छोट्या उपकरणातून जोर लावून श्वास आत ओढायचा. रोज ३० श्वास, आठवड्याचे सहा दिवस. २०२१ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासात सहा आठवड्यांत वरचा आकडा सरासरी ९ने उतरला. तिथेही माणसं ३६च होती, पण रोज जेमतेम पाच-सहा मिनिटं देऊ शकणाऱ्याने विचारात घ्यावी अशी ही वाट आहे. फुप्फुसाचा किंवा कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कुठलीही वाट धरा, गरगरलं तर थांबा. आकडा १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं असेल तर श्वसनाचे व्यायाम करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

फरक पडतोय का, हे बघताना एक चूक हमखास होते: व्यायाम संपल्या संपल्या बीपी मोजलं जातं. तेव्हा ते उतरलेलं दिसतं, पण तो उतार तात्पुरता असू शकतो. त्यापेक्षा सकाळी, व्यायामाआधी आणि गोळीआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा आणि सहा आठवड्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचं प्रमाण बदलायचं की नाही, ते त्या आकड्यांवरून त्यांना ठरवू द्या.