सेम संपताना गुगल शीट्स: सबमिशन आणि पॉइंटर एकाच जागी

सेमिस्टरच्या शेवटी सबमिशन (जर्नल, असाइनमेंट तपासून जमा करणं) जवळ आलं की कॉलेजमधले ज्युनिअर्स विचारायला लागतात की ट्रॅक ठेवायला कुठलं ॲप चांगलं, म्हणून एकदाच नीट लिहितेय. माझं उत्तर साधं गुगल शीट्स. फुकट आहे, फोनवर चालतं, आणि फाइल ऑफलाइन करून ठेवली की लॅबमध्ये नेट नसलं तरी उघडतं. फक्त फाइल पर्सनल जीमेलवरच बनवा, कॉलेजचा आयडी पास आउट झाल्यावर बंद होऊ शकतो आणि केटी (नापास झालेला विषय) राहिली तर जुना हिशोब परत लागतो.

मला विचाराल तर गुगल क्लासरूमची टू-डू लिस्ट पण चांगलीच आहे, असाइन्ड, मिसिंग, डन असं वेगळं दाखवते. पण त्यात तेवढंच दिसतं जे टीचरने तिथे टाकलंय. जर्नल (प्रॅक्टिकलची वही), फाइल पेजेसवरच्या असाइनमेंट, मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट हे सगळं कागदावर असतं, सही कागदावरच होते, ते तिथे येणार कुठून. म्हणून शीटमध्ये प्रत्येक एक्सपेरिमेंटला एक ओळ द्यायची आणि पुढे चेकबॉक्सचे चार कॉलम, लिहून झालं, प्रिंट काढली, चेक झालं, सही मिळाली. हे चार वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण "झालंय माझं" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा लिहूनच झालेलं असतं, सही बाकीच असते. अजून एक कॉलम टीचरच्या नावाचा ठेवा. मॅडम स्टाफरूममध्ये सापडल्या की त्यांच्या नावाने फिल्टर मारायचा, त्यांच्याकडच्या राहिलेल्या सगळ्या सह्या एका स्क्रीनवर येतात आणि एकाच फेरीत काम होतं. नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी शीट वापरेन.

आता मार्कांचं, खरी मजा इथे आहे. मुंबई युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंगच्या सी स्कीमचं (एनईपीच्या आधीचा अभ्यासक्रम) उदाहरण घेते. थिअरीला आयए (कॉलेजमधली अंतर्गत परीक्षा) 20 चं, दोन टेस्टचं ॲव्हरेज, आणि एंड सेम म्हणजे शेवटचा पेपर 80 चा. ग्रेड असे, 80 पासून ओ म्हणजे 10 पॉइंट, 75 पासून ए म्हणजे 9, 70 पासून बी 8, 60 पासून सी 7, 50 पासून डी 6, 45 पासून ई 5, 40 पासून पी 4. नीट बघा, 60 ते 70 मध्ये एकच ग्रेड आहे पण 70 ते 80 मध्ये दोन आहेत. म्हणजे 61 वरून 69 वर गेलात तरी पॉइंटर (सेमचा सरासरी ग्रेड पॉइंट) हलत नाही आणि 74 चे 75 झाले की त्या विषयाचा एक ग्रेड पॉइंट वाढतो. हे सगळ्यांना माहीत असतं पण पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) कुठला विषय आधी घ्यायचा हे ठरवताना कोणी वापरत नाही.

शीटमध्ये लुकअप फॉर्म्युल्यात ह्या कडा एकदा भरल्या की झालं. आयएचे मार्क टाकायचे, एंड सेमला किती येतील त्याचा प्रामाणिक अंदाज टाकायचा, ग्रेड आपोआप येतो. समजा डीबीएमएसला (डेटाबेसचा विषय) आयए 18 आहे आणि एंड सेमला 56 चा अंदाज आहे, म्हणजे 74, एका मार्काने ए हुकतोय. दुसऱ्या विषयात 61 चा अंदाज असेल तर पुढच्या ग्रेडला नऊ मार्क लागतील. क्रेडिट (पॉइंटरमधलं विषयाचं वजन) दोन्हीला तीनच, मग जास्तीचे तास कुठे घालायचे हे शीटच सांगते. एक काळजी घ्या, एंड सेमला 80 पैकी 32 आणि आयएला 20 पैकी 8 वेगवेगळे लागतात, त्यामुळे ती अट फॉर्म्युल्यात घातलीच पाहिजे, नाहीतर बेरीज 40 दिसते आणि प्रत्यक्षात केटी असते.

शेवटी क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्याची बेरीज भागिले एकूण क्रेडिट, शीटच्या सम-प्रॉडक्ट फॉर्म्युल्याने एका ओळीत होतं. सेम 24 क्रेडिटची असेल तर तीन क्रेडिटचा विषय एक ग्रेड वर गेल्यावर पॉइंटर 0.125 ने वाढतो. आणि गंमत म्हणजे एक क्रेडिटची लॅब सी वरून ओ वर नेली तरी तेवढाच वाढतो! लॅबला टर्मवर्क 25 आणि ओरल 25, म्हणजे 50 पैकी 30 चे 40 करायचे. त्यातलं टर्मवर्क जर्नल, असाइनमेंट, अटेंडन्सवर ठरतं, पेपर सुरू व्हायच्या आधीच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की जर्नलला वेळेचा अपव्यय समजू नका, कॉपी करून कसंबसं उरकू नका, ओरलला तेच विचारतात आणि पॉइंटरला तेच धरून ठेवतं.

एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) पॅटर्नवाल्यांनी किंवा ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजवाल्यांनी माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, आपल्या सिलॅबसच्या पीडीएफमधला मार्किंगचा तक्ता उघडून कडा आणि क्रेडिट बदला, बाकी रचना तीच चालते.

फॉर्म्युले लॅपटॉपवर बसवा, फोनवर टाइप करणं कटकटीचं होतं, फोन फक्त टिक करायला. शीट स्वतःहून आठवण करत नाही, तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये वेगळ्या टाकाव्या लागतात. सीआरने (वर्ग प्रतिनिधीने) सबमिशनची यादी वर्गाला शेअर केली तर उत्तम, कोणी चुकून काही उडवलं तर व्हर्जन हिस्टरीतून परत आणता येतं. पण मार्कांसाठी फाइलच वेगळी करा, कारण शेअर अख्खी फाइल होते, टॅब प्रोटेक्ट केली तरी बाकीच्यांना ती दिसत राहते आणि कोणाचा आयए किती हा वर्गात चर्चेचा विषय व्हायला नको.