पन्नास हजारांची मुसळी

माझं दुकान म्हणजे घराची पडवी. दोन लोखंडी रॅक, एक वजनकाटा आणि सासूबाईंची बसायची खुर्ची. मागे परसात अडुळसा, गुळवेल, गवती चहा, शतावरी, तुळशीचे चार वाफे. पाला माळ्यावर सावलीत वाळवायचा, शिकेकाई-रिठा-आवळा गिरणीतून दळून आणायचा, पुड्या बांधायच्या. आम्ही वाईजवळ राहतो, त्यामुळे गिऱ्हाईक ओळखीचं, थोडी पार्सलं पुण्या-मुंबईला. एवढ्याशा धंद्यात फसवायला कोण कशाला येईल, असं मला वाटायचं.

२०२२ च्या मार्चमध्ये एक गृहस्थ आले ते गिऱ्हाईक म्हणूनच. दोन किलो शिकेकाई मिक्स घेतलं, घासाघीस नाही. मग परसात डोकावून म्हणाले, "ताई, हा अडुळसा फुलायच्या आत खुडता ना? म्हणूनच रंग टिकलाय." झालं. बारा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना गवती चहा घालून चहा केला आणि घरामागचं आमचं दहा गुंठ्यांचं रान स्वतःहून दाखवलं. फसवणूक तिथेच झाली, पैसे नंतर गेले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पांढऱ्या मुसळीचा विषय काढला, म्हणजे वाळवून औषधाला विकतात त्या मुळीचा. "आपल्या बोरिवलीची वनस्पती आहे ही, ताई, शास्त्रीय नावातच बोरिवली आहे." हे खरं आहे. पावसाळ्यात आपण फोडशीची भाजी खातो, त्याच कुळातली, हेही खरं. त्यांनी सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ खऱ्या होत्या. दहावी अशी, की माझा सगळा वाळलेला माल त्यांची कंपनी हजार रुपये किलोने परत घेणार.

हिशेब असा मांडला. दहा गुंठ्याला ११० किलो बेणं, ३५० रुपये किलोने ३८,५०० रुपये. नोंदणी ५,०००. सेंद्रिय प्रमाणपत्र ६,५००. बरोबर पन्नास हजार. ह्यांनी एकदाच विचारलं, "एवढा नफा आहे तर ते स्वतःच का नाही पिकवत?" मी चिडले. मला वाटलं, माझ्या ज्ञानाची किंमत बाहेरच्या माणसाला कळते आणि घरच्यांना कळत नाही.

आणि मी काही अडाणी नव्हते. इमूपालनात लोक बुडाले तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होते. २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं, तेव्हा "पिल्लं विकणारा कोंबडी कशाला परत घेईल?" असं याच पडवीत मी मोठ्याने म्हटलेलं शेजारणीला अजून आठवतं. कोंबडीच्या जागी मुळी आली आणि मला ओळखता आलं नाही.

करार शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारलेला. नोटरी म्हणजे सह्या आमच्या आहेत एवढ्याचीच साक्ष, कंपनी आहे की नाही याची नव्हे, हे मला नंतर वकिलांनी सांगितलं. पाचव्या कलमात "कंपनीच्या निकषांप्रमाणे प्रत योग्य असल्यास" असे शब्द होते आणि ते निकष कुठेच लिहिले नव्हते. "ऊत्पादक" हा शब्द सगळीकडे दीर्घ ऊ ने छापलेला. पैसे मी निम्मे रोख दिले, पावती न घेता. निम्मे ऑनलाइन पाठवले ते कंपनीच्या नव्हे, एका बाईच्या खात्यावर. "अकाउंटंट मॅडम आहेत," म्हणाले.

मेअखेर पोती आली. त्यातलं एक मी पडवीत ओतलं, आणि हे इथे सविस्तर लिहिते, कारण कुणी मुसळी लावणार असेल तर उपयोगी पडेल. मुसळीच्या मुळ्यांचा झुपका वर एका चकतीला धरलेला असतो. बेणं करताना तो असा फोडायचा, की प्रत्येक बोटाला, म्हणजे सुट्या मुळीला, त्या चकतीचा तुकडा राहील. डोळा तिथेच असतो. चकती नसेल तर बोट कितीही जाड असू दे, ते रुजत नाही, कुजतं. माझ्या समोरच्या ढिगात निम्म्याहून जास्त बोटं दोन्ही टोकांना बोडकी होती. वाळवून विकायची मुळी, बेण्याच्या भावात. मी फोन केला. "ताई, कोंब बाजूने पण येतो, आमची सुधारित जात आहे." हळद-आलं लावत आलेली बाई मी. डोळ्याशिवाय काही फुटत नाही हे माझ्या बोटांना माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण पैसे देऊन झाले होते आणि ह्यांच्यासमोर मला खोटं पडायचं नव्हतं.

जूनमध्ये गादीवाफे करून लावलं. जुलै सरला तरी निम्मे वाफे मोकळे. ऑक्टोबरात पानं पिवळी पडून गळाली, जानेवारीत काढणी केली. ११० किलो लावून ७० किलो ओला माल निघाला. सासूबाई, मी आणि शेजारची वहिनी, आठ दिवस चाकूने सोलत होतो. सोललेली मुसळी हस्तिदंतासारखी दिसते. मुलांनी माळ्यावर चादरीवर पसरली. वाळून भरली १२ किलो.

"आधी लॅब टेस्ट," असं उत्तर आलं. ४,५०० रुपये. तेही भरले! आज लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका ओळीचा निरोप: ओलावा जास्त, माल नापास. कुठली लॅब, किती ओलावा, काही नाही. मी नमुनाही कुणाला पाठवला नव्हता, मग तपासलं काय? हे विचारल्यावर फोन लागायचा बंद झाला. करारावरच्या पुण्याच्या पत्त्यावर ह्यांनी जाऊन पाहिलं. तिथे झेरॉक्सचं दुकान. मालक म्हणाला, "तुम्ही तिसरे."

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण पहिलं वाक्य "ही दिवाणी बाब आहे" असंच होतं. ऑनलाइन पैशांसाठी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पैसे कधी गेले. दहा महिने झाले होते. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत थोपवण्यासाठी तो नंबर आहे, त्याच दिवशी फोन करायचा असतो. आमच्यासारखे आणखी चौघे सापडले, एकजण माझ्याहून दुप्पट बुडालेला. सही करायला दोघेच तयार झाले. बाकीच्यांचं म्हणणं, गावात हसं होईल. खत-मजुरीचे बारा हजार धरून माझे ६६,५०० गेले.

प्रमाणपत्राचंही सांगते. रंगीत, लॅमिनेट केलेलं, पैसे भरल्यावर तीन आठवड्यांत हातात. सेंद्रिय प्रमाणपत्र असं मिळतच नाही. वार्षिक पिकाला पेरणीच्या आधी साधारण दोन वर्षांचा रूपांतरण काळ धरतात, तपासणीला माणसं रानात येतात. पीजीएस नावाच्या प्रमाणपत्र पद्धतीत शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची रानं तपासतो. माझ्या रानात चिटपाखरू आलं नव्हतं. वर ते प्रमाणपत्र मी दुकानात टांगलं होतं, चार महिने. त्या काळात ज्यांनी ते बघून माल घेतला त्यांना मी नंतर एकेकाला सांगितलं. ते सांगणं पैशापेक्षा जड गेलं.

ती १२ किलो मुसळी घेऊन शेवटी मी पुण्याला मंडईजवळ एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या शेठनी एक कांडी मोडून पाहिली, दाताखाली धरली. माल चांगला आहे म्हणाले आणि भाव सांगितला तो हजाराच्या जवळपासही नव्हता. मग म्हणाले, "लावायच्या आधी विचारायला आला असता, तर फुकट सांगितलं असतं. चहापण पाजला असता." माझा एसटीचा खर्च दीडशे रुपये आला असता. पुणे विद्यापीठात औषधी वनस्पतींचं केंद्र आहे, कृषी विद्यापीठं आहेत, त्यांनाही मी विचारलं नव्हतं. विचारलं ते फक्त विकणाऱ्यालाच.

गेल्या आठवड्यात वहिनीची भाची एक पत्रक घेऊन आली. अश्वगंधेची लागवड, हमीभावाने खरेदी, कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा. तळाशी लिहिलं होतं, "ऊत्पादक शेतकऱ्यांना सुवर्णसंधी." दीर्घ ऊ. तिने नोंदणीचे दोन हजार भरले होते, आदल्याच दिवशी, ऑनलाइन. मी म्हटलं, आधी फोन काढ आणि १९३० लाव. करारपत्र शोधायला मी आत गेले.