वर्षभर ओएससीक्यूआर वापरल्यावर: ऑनलाइन कोर्स तपासणीचा अनुभव

आमच्या महाविद्यालयाचे ऑनलाइन कोर्स मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर आहेत आणि प्राध्यापकांसोबत बसून ते नीट लावून देणं हे माझं काम. गेल्या जूनपासून त्यासाठी मी ओएससीक्यूआर हे रुब्रिक, म्हणजे ऑनलाइन कोर्सची गुणवत्ता तपासायची निकषांची यादी, वापरतेय. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने ते आपल्या ६४ कॅम्पससाठी तयार केलं आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. त्यामुळे पैसे भरायचे नाहीत आणि आपल्या सोयीने बदलही करता येतात. माझ्याकडे तिसरी आवृत्ती आहे. तिच्यात ५० निकष आहेत. कोर्सची ओळख, तंत्रज्ञान, मांडणी, आशय व कृती, संवाद, मूल्यमापन असे सहा गट.

आधी ‘क्वालिटी मॅटर्स’ या कोर्सना प्रमाणपत्र देणाऱ्या दुसऱ्या रुब्रिकचाही विचार केला होता. तिथे ८५ टक्के गुण आणि सगळे अत्यावश्यक निकष पूर्ण झाले, तरच कोर्स उत्तीर्ण. बाहेर दाखवायला प्रमाणपत्र हवं असेल तर तो मार्ग चांगला. आम्हाला मात्र कोर्स दुरुस्त करायचे होते.

ओएससीक्यूआर मला मनापासून आवडलं ते एका गोष्टीमुळे: ते गुण देत नाही, काम किती उरलंय ते विचारतं. प्रत्येक निकषापुढे ‘पुरेसं आहे’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचं, नाहीतर दुरुस्ती किरकोळ, मध्यम की मोठी ते ठरवायचं. किरकोळ म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, मध्यम म्हणजे दोन तासांपर्यंत, मोठी म्हणजे त्याहून जास्त. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली भरून आमचे प्राध्यापक थकलेले आहेत, तपासणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. अर्थशास्त्राच्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “म्हणजे माझं शिकवणं तुम्ही तपासणार?” मी निकषांची शीट त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “मॅडम, आधी तुम्हीच भरा, मी माझी वेगळी भरते. मग फरक कुठे पडतो तेवढंच बघू.”

फरक पडला स्वाध्यायांच्या सूचनांत. मॅडमच्या कोर्सवर लिहिलं होतं, ‘स्वाध्याय वेळेत सादर करावा. उशीर झाल्यास गुण कमी केले जातील.’ त्यांनी ‘पुरेसं आहे’ असं भरलं होतं, मी ‘किरकोळ दुरुस्ती’. किती उशीर, किती गुण, तपासून परत कधी मिळणार, हे सगळं मॅडमच्या डोक्यात पक्कं होतं आणि वर्गात त्या ते सांगतही होत्या. ऑनलाइन मुलांपर्यंत ते पोचत नव्हतं, म्हणून तोच प्रश्न व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा यायचा. तिथेच बसून आम्ही लिहिलं: ‘रविवारी रात्री ११ पर्यंत. पुढे दर दिवसाला १ गुण कमी. शेऱ्यासह सात दिवसांत परत.’ पुढच्या युनिटचे स्वाध्याय मॅडमनी आपणहून तसेच लिहून आणले.

आता उणिवा. निकषांसोबतची स्पष्टीकरणं आणि उदाहरणं इंग्रजी कोर्सची, अमेरिकन कॅम्पसची आहेत. मजकूर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता यावा ही अपेक्षा त्यात आहे, पण मराठी नोट्सची अडचण निराळीच असते. एका विषयाची पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसत होती. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर लावलं तर ते रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं बडबडायला लागलं, कारण नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, म्हणजे आत रोमन अक्षरंच होती आणि फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देत होता. दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्यातलं एक वाक्यही कळलं नसतं. तेव्हापासून आमच्या शीटमध्ये एक जादा ओळ आहे: मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा, मराठीच दिसते का ते बघा. दुसरी जादा ओळ मोबाइल डेटावर पूर्ण युनिट उघडून बघण्याची. आमची बहुतेक मुलं फोनवरच शिकतात.

चर्चामंचाच्या बाबतीत रुब्रिकची मदत अर्धीच होते. मुलांनी एकमेकांशी बोलायची सोय आहे का, एवढं ते बघतं. सोय असूनही मंच ओस पडलेला असू शकतो, आणि ते सत्र सुरू झाल्यावरच कळतं. आशय बरोबर की चूक हेही त्यातून कळणार नाही, त्यासाठी विषयाचा माणूसच हवा.

५० निकष एका बैठकीत संपवायला जाऊ नका, शेवटचे निकष नुसते टिक केले जातात. आम्ही दोन गट घेतो, दुरुस्त्या करतो, मग पुढचे दोन. ग्रंथपालांनाही बोलवा. आमच्या ग्रंथपालांनी बंद पडलेल्या लिंक तर शोधल्याच, शिवाय त्यांच्या जागी मोफत मिळणारी पुस्तकंही सुचवली. हे सगळं परीक्षांच्या धामधुमीत काढलं तर कोणालाच वेळ नसतो. आमचं पुढचं वेळापत्रक मेच्या शेवटच्या आठवड्यापासून आहे, आणि त्यात पहिला नंबर इतिहासाच्या कोर्सचा, कारण जुन्या फॉन्टमधल्या नोट्स तिथे सर्वांत जास्त आहेत.