वर्षभर वापरलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर: एम-प्लस गेलं, सिग्माचं भांडण चालूच

निकाल आधीच सांगून टाकते. मशीन चांगलं, बटणं सुमार, सर्व्हिस शून्य. घाई असेल त्यांनी एवढ्यावर निघालं तरी चालेल. बाकीच्यांनी बसा, मला सिग्माबद्दल, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणाऱ्या एसडीबद्दल (स्टँडर्ड डेव्हिएशन), बरंच बोलायचंय.

मी कराडला घरीच क्लास घेते. अकरावी-बारावी कॉमर्स आणि एफवायबीकॉमची मुलं, विषय स्टॅट. गेल्या जूनमध्ये क्लाससाठी म्हणून हा ऑनलाइन सेलमध्ये घेतला. फीचर्सची यादी देत नाही. दोन ओळींचा डिस्प्ले, स्टॅट मोड, एलआर४४ची बटण सेल, किंमत हजाराच्या आत, म्हणजे कुठला प्रकार ते कळलंच असेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालतच नाही, तिथं लॉग टेबल. मग क्लासला कशाला, असं पालक विचारतात. पडताळ्यासाठी. गणित वहीत हातानंच सोडवायचं, उत्तर जुळतं का ते मशीनवर बघायचं.

आता बिघाड. मला वाटलं होतं आधी बरोबरचं (=) बटण जाईल. गेलं एम-प्लस. विचार केला तर साहजिकच आहे. स्टॅट मोडमध्ये प्रत्येक आकडा एम-प्लस दाबूनच आत जातो. वीस आकड्यांचं उदाहरण असेल तर एम-प्लस वीसदा आणि बरोबर एकदाही नाही. शिवाय ते एकदम मेलं नाही. मेलं असतं तर बरं, निदान कळलं तरी असतं. ते अधूनमधून एका दाबात दोनदा लागायला लागलं.

याचा घोळ कसा होतो बघा. वर्गात दिलेले आकडे होते १२, १५, १८, २१, २४. सरासरी १८. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ९०, भागिले ५ म्हणजे १८, वर्गमूळ ४.२४. हे पुस्तकातलं उत्तर. मेनूतलं शेजारचं बटण दाबलं तर भागिले ४, म्हणजे २२.५ आणि वर्गमूळ ४.७४. मुलं या दोनांपैकी एक आणतात, हे मला पाठ आहे. एका मुलाचं उत्तर आलं ४.४७. साहजिकच वाटतं की ४.७४ लिहिताना आकडे उलटे पडले. पण पोरगा ठाम, "मॅडम, मशीननंच दिलंय." आणि खरंच दिलं होतं. शेवटचा २४ दोनदा आत गेला होता. सहा आकडे, सरासरी १९, वर्गांची बेरीज १२०, भागिले ६, वर्गमूळ ४.४७. दोन प्रसिद्ध उत्तरांच्या बरोबर मध्ये जाऊन बसलेलं तिसरं.

तेव्हापासून क्लासचा नियम: उत्तर बघायच्या आधी डिस्प्लेवरचा एन, म्हणजे आत गेलेल्या आकड्यांची संख्या, बघायचा. पाच आकडे दिले आणि एन ६ दाखवत असेल तर पुढचं काही वाचायचंच नाही. हाच एन आणखी एका ठिकाणी वाचवतो. हे मशीन जुने आकडे स्वतःहून पुसत नाही. बंद करा, दुसऱ्या दिवशी चालू करा, कालचे आकडे आत ठाण मांडून असतात आणि आजचे त्यांच्यात मिसळतात. पुसायला शिफ्ट, क्लिअर, १, बरोबर. खोक्यातल्या माहितीपत्रकात हे आहे, पण मुंगीच्या अक्षरात.

आता येते मुख्य तक्रारीकडे. शिफ्ट दाबून २ दाबलं की मेनू येतो. १ वर सरासरी, २ वर सिग्मा एन, ३ वर सिग्मा एन वजा १. दोन्ही सिग्मा एकमेकांना खेटून, दिसायला सारखे, कुठं कुठलं वापरायचं याचा एक शब्द नाही. अकरावीचं पुस्तक एननं भागतं, तर २. नमुन्यावरून अंदाज बांधायचा असेल तर एन वजा १, तर ३. ही अडचण एकट्या कॅल्क्युलेटरची नाही म्हणा. एक्सेलमध्ये नुसतं एसटीडीईव्ही टाकलं की एन वजा १, आणि एननं भागायचं तर शेवटी पी लावायचा. पायथॉनवाल्यांचं तर विचारूच नका. त्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या दोन लायब्रऱ्या: नमपाय आपणहून एननं भागतं, पांडाज एन वजा १ नं, आणि दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये नांदतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात डेटाचं काम करते. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला, "मॅडम, तुमचं २ आणि ३ इथंपण आहे."

हे परीक्षण दिवाळीच्या आसपास लिहिलं असतं तर या मेनूसाठी दोन तारे कापले असते. मत नंतर बदललं, आणि ते मुलांनी "पण एक कमी का?" म्हणून पिच्छा पुरवल्यामुळं. "नमुना असला की एक कमी" असं सांगून मी वर्षानुवर्षं पुढं सरकत आले, सगळेच सरकतात. यंदा चिठ्ठ्या केल्या.

तीन चिठ्ठ्या: १, २, ३. यांचा खरा व्हेरियन्स, म्हणजे वर्गमूळ घेण्याआधीचा आकडा, दोन तृतीयांश. हे सगळ्यांनी आधी वहीत काढून ठेवायचं. आता वाटीतून एक चिठ्ठी उचलायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, पुन्हा एक उचलायची. दोन आकड्यांचा नमुना झाला. असे नमुने एकंदर नऊच होऊ शकतात, १-१ पासून ३-३ पर्यंत. नऊच्या नऊ फळ्यावर मांडले. आकडे सारखे आले तर वर्गांची बेरीज शून्य, असे तीन नमुने. एकाचा फरक असेल तर अर्धा, असे चार. दोनाचा फरक असेल तर २, असे दोन. सगळ्यांची बेरीज ६. प्रत्येक नमुन्यात २ नं भागलं, म्हणजे एननं, तर नऊ उत्तरांची सरासरी येते एक तृतीयांश, खऱ्याच्या निम्मी! १ नं भागलं, म्हणजे एन वजा १ नं, तर सरासरी येते दोन तृतीयांश. थेट खरं उत्तर, जवळपास वगैरे नाही.

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे एननं भागलं की कमी दिसतं." हेच तर! कारण आपण फरक मोजतो तो त्याच नमुन्याच्या सरासरीपासून, आणि ती सरासरी त्या आकड्यांच्या सोयीनं मधोमध बसलेली असते. फरकांची बेरीज शून्य व्हायलाच हवी, म्हणून पाच आकड्यांत चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. त्याला स्वतःचं मत नाही. याला बेसेलची दुरुस्ती म्हणतात. एक गोष्ट मात्र मुलांना बजावून सांगते: हे व्हेरियन्सपुरतं नेमकं आहे, वर्गमूळ घेतल्यावर एसडीत थोडी तूट उरतेच. तर २ आणि ३ शेजारी असणं मला आता त्रासाचं वाटत नाही. मेनूत नुसता "सिग्मा" असता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. तरी माहितीपत्रकात दोन ओळी छापायला काय जात होतं, हे आहेच.

नमुना कमी का दाखवतो यावरून मुलांना नेहमी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं सांगते, इथं नमुना जास्त दाखवत होता. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. १९४० च्या दशकात पिकाचा अंदाज काढायला शेताचा छोटा तुकडा कापून धान्य मोजायची पद्धत होती. तुकडा किती मोठा घ्यायचा यावर सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्यात वाद होता. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. शेतकऱ्यांच्या पोरांना हे एका वाक्यात पटतं. बांधावर उभं राहून ओंबी आतली की बाहेरची हे ठरवलेलं असतंच त्यांनी.

बाकीच्या गोष्टी पटपट. एनसीआर, एनपीआर (कॉम्बिनेशन, पर्म्युटेशन) झकास. फॅक्टोरियल ६९ पर्यंत देतं, ७० ला मॅथ एरर, कारण उत्तर दहाच्या शंभराव्या घाताच्या पलीकडं जातं. नॉर्मल कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढायला पी, क्यू, आर अशी तीन फंक्शनं आहेत. पुस्तकातलं टेबल शून्यापासून झेडपर्यंतचं असेल तर क्यू दाबायचं. १.९६ ला क्यू ०.४७५ देतं आणि पी ०.९७५, हे एकदा पाहून ठेवलं की घोटाळा होत नाही.

वाढदिवसाचं गणित यावर करून बघाच. तेवीस जणांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, ०.५०७. मशीनवर ३६५ पी २३ भागिले ३६५ चा तेविसावा घात, आणि ते १ मधून वजा. आमच्या बॅचला मुलं चाळीस. ४० टाकलं की मॅथ एरर! ३९ पर्यंत चालतं, ४० ला ३६५ चा घात मशीनच्या मापाबाहेर जातो. एका मुलीनं तोड काढली: वीस-वीसचे दोन तुकडे. ३६५ पी २० भागिले ३६५ चा विसावा घात, गुणिले ३४५ पी २० भागिले पुन्हा तोच घात. १ मधून वजा केल्यावर ०.८९१. या एका युक्तीसाठी मी तिला माझं जुनं लॉग टेबल बक्षीस दिलं, तिनं ते अजून उघडलेलं नाही.

रँडमचं बटण मला निव्वळ शोभेचं वाटायचं. ते ०.००० ते ०.९९९ मधला तीन आकडी दशांश देतं. सहानं गुणा, पूर्णांक घ्या, एक मिळवा: फासा तयार. तीस मुलांनी दोन मिनिटांत शेकडो फासे टाकले, एकही सोफ्याखाली गेला नाही. चोखंदळांसाठी सांगते, हा फासा किंचित खोटा आहे. हजार शक्यता सहात सारख्या वाटल्या जात नाहीत, म्हणून ३ आणि ६ ला हजारात १६६ आणि बाकीच्यांना १६७ येतात. सापशिडीला पुरेसा प्रामाणिक.

आणि सर्व्हिस. खोक्यावर तीन वर्षांची वॉरंटी, ठळक अक्षरात. टोल फ्रीवर फोन केला. बिल मागितलं, ऑनलाइनचं बिल पाठवलं. "मॅडम, यावर विक्रेत्याचा शिक्का नाही." ऑनलाइन विक्रेत्याचा शिक्का मी कुठून आणू? डिलिव्हरीच्या पोराचा अंगठा घेऊन ठेवायचा होता का? चार फोन झाल्यावर बिल मान्य झालं, पण मशीन पुण्याला पाठवायचं आणि कुरिअर माझ्या खर्चानं. पाठवलं. ऐन परीक्षेच्या दिवसांत महिनाभर तिकडं राहिलं आणि जसंच्या तसं परत आलं, आत चिठ्ठी: "फिजिकल डॅमेज, वॉरंटीबाहेर." मशीनवर एक ओरखडा नाही. फोनवर विचारलं तर कीपॅड बदलायचा खर्च नव्या मशीनच्या जवळपास सांगितला.

शेवटी स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडं गेले. त्यानं मागचे स्क्रू काढले, बटणांखालची रबरी चादर उचलली आणि मला दाखवली. प्रत्येक बटणाखाली काजळाच्या ठिपक्यासारखी काळी टिकली असते. एम-प्लसखालची झिजून राखाडी झाली होती. "ताई, आत सगळा खडू हाय बघा." कापसावर स्पिरिट घेऊन त्यानं सर्किट पुसलं, एका मेलेल्या टीव्ही रिमोटमधली टिकली ब्लेडनं कापून काढली, तिथं चिकटवली. पन्नास रुपये. बटण थोडं कडक झालंय, पण एका दाबात एकच आकडा जातो. त्यावर कंपनीनं काय म्हणायचं ते म्हणू दे.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा सर्व्हिसचा आणि माहितीपत्रकाचा. यंदाच्या जूनमध्ये क्लाससाठी आणखी एक घेतला, त्याच कंपनीचा, कारण मुलांना बटणांच्या जागा पाठ झाल्यात. या वेळी गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातून. ऑनलाइनपेक्षा ऐंशी रुपये जास्त पडले, पण बिलावर शिक्का दोनदा मारून घेतला.